साधं दूध

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. देवळात उभी राहिले तरी मुद्दाम दुसरंच काहीतरी मागते — भावाची बढती माग, पाऊसपाणी माग — म्हणजे ही गोष्ट ओठावर यायला नको. आणि आज सांगते आहे ती मन हलकं करायला, असंही समजू नका. हलकं कशाला व्हायचं? राग आलाय मला. गेल्या आठवड्यात शकूचा ताप उतरला, तेव्हापासून मी भांडी आपटते आहे, दूधवाल्यावर ओरडते आहे, आणि जिच्यावर ओरडायला हवं ती बाई आरशाखेरीज कुठं सापडत नाही.

शकू माझ्या भावाची मुलगी. आम्ही अमरावतीला राजापेठेत राहतो. भाऊ, नामदेव, बडनेऱ्याला रेल्वेत मालाच्या ऑफिसात कारकून आहे. मी त्याच्याहून मोठी, नवऱ्यानं टाकलेली. लोक हा शब्द आवाज खाली करून म्हणतात. मी मोठ्यानंच म्हणते, कारण निदान तेवढं तरी खरं आहे.

मला का टाकलं ते आधी सांगावं लागेल. तो बहाणा नाही, पण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझं सासर अचलपूरचं. सातवा महिना होता, डोकं फुटेस्तोवर दुखत होतं, अंगात ताप. मी वाण्याकडून डोकेदुखीची गोळी आणवली आणि पाण्याबरोबर घेतली. चार दिवसांनी पोट पडलं. मुलगा होता. सासूला उशीखाली गोळीचा कागद सापडला, आणि मग काय विचारता? गोळी उष्ण, गरम औषधानं गर्भ सुटतो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. "हिनं गोळी खाऊन पोट्टं पाडलं," असं सासू दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. नवऱ्यानं माझी ट्रंक परतवाड्याच्या मोटारीवर चढवली आणि मोटार सुटायच्या आतच पाठ फिरवली.

मी ते मानलं. हे लक्षात ठेवा. त्या गोळीनं माझं लेकरू नेलं, हे मी मनापासून मानलं होतं. न मानून करणार काय होते? एवढं सगळं घडलं त्याला काहीतरी कारण तर हवं.

मग घरात भावजय आली. सिंधू. अकोल्याची. तिच्याबद्दल वाईट सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं, पण नाही सांगता येत. नामदेव मला बाई म्हणतो म्हणून तीही मला बाई म्हणायची. घरात आलेल्या प्रत्येक पाहुणीनं मला अचलपूरचं विचारलं होतं. तिनं नाही विचारलं. माझ्या केसांना तेल लावायला बसायची, अन् पोरीसारखी बडबड करायची. मला ती आवडायची. आवडायची आणि मी तिला पाण्यातही पाहायची — दोन्ही एकाच वेळी. असं होतं की नाही? तुम्ही नाही म्हणा हवं तर.

तिचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, रीतीप्रमाणे. शकू झाली. पण नंतर सिंधूचा डावा पाय सुजला, मांडीपासून घोट्यापर्यंत टणक, पांढराफटक. हात लावला की किंचाळायची. शिरेत रक्त गोठलं होतं. अकोल्याला ताजनापेठेत एक डॉक्टरीणबाई होत्या, त्यांनी तिला वाचवलं. परत आली ती थोडी लंगडत आली.

दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा नामदेव तिला घेऊन पुन्हा त्या डॉक्टरीणबाईंकडे गेला, सोबतीला मी. डॉक्टरीणबाई नागपूरच्या, चष्मा लावणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. म्हणाल्या, रक्त पुन्हा गोठू शकतं, आणि या वेळी ते पायातच थांबेल असं नाही. दोन गोष्टी करायच्या. बाळंत झाल्यावर तिला बाजेवर पाडून ठेवायचं नाही, दुसऱ्या दिवसापासून चालवायचं. आणि रोज जेवणानंतर एक पुडी दुधातून द्यायची. पुडीत काय आहे, मी विचारलं. त्यांनी लपवलं नाही. "डोकेदुखीची गोळी असते ना, ॲस्पिरिन, तिचाच थोडा भाग आहे. या औषधानं रक्त लवकर गोठत नाही, असं माझ्या पाहण्यात आलं आहे. पुस्तकात असं द्या म्हणून लिहिलेलं नाही. पण मला द्यावंसं वाटतं."

माझे कान गरम झाले. तीच गोळी. माझ्या वेळी विष, आणि हिच्या वेळी औषध?

पुड्या द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात आमच्या आईपासून ते लपवायचं होतं. आईला कळलं असतं की पोटुशीला उष्ण गोळी देतात, तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. नामदेव म्हणाला, "बाई, तुह्याच हातानं देजो. माहा फक्त तुह्यावर भरोसा आहे." आणि खरं सांगते, सुरुवातीला मी दिल्या. मनात भीती होती, तरी दिल्या. सिंधू तोंड वाकडं करून प्यायची, आणि पोटाला काही झालं नाही. बाळ वाढतच होतं. मी रोज तिच्या पोटाकडे पाहायची आणि वाट पाहायची — कशाची? हे सांगताना मला माझीच शिसारी येते. पण वाट पाहायची.

मग एक दिवस ती अकोल्याहून तपासून आली आणि माझ्या शेजारी बसली. अंबाडीची भाजी निवडत होते मी. हळूच म्हणाली, "बाई, रागावू नका. मी डॉक्टरीणबाईले तुमचं इचारलं. त्या म्हने, तुमचं लेकरू काई त्या गोळीनं गेलं नाई. तापानं गेलं असन. तुमचा काई दोष नोता वं बाई."

केवढं चांगलं बोलली होती. माझ्यासाठी कोणी एवढं केलं नव्हतं, माझ्या आईनंही नाही. आणि मी? माझ्या अंगाची आग झाली. माझं उघडं-नागडं दुःख हिनं एका परक्या बाईपुढं नेऊन ठेवलं. आणि दोष नव्हता तर मग — मग काय? मग मी उगाच टाकली गेले? सासू दारात बसून बोंबलत होती ते उगाच? मी खाली मान घालून ही सगळी वर्षं काढली ती उगाच? गोळी दोषी होती तोवर माझ्या आयुष्याला निदान काही अर्थ होता. तो या पोरीनं भाजी निवडता निवडता काढून घेतला. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही. "बरं," म्हटलं आणि उठले.

त्या दिवशी पुडी मी चुलीत टाकली.

दुसऱ्या दिवशीही. मग रोज. एकदाच टाकली असती तर रागाच्या भरात झालं असं म्हणता आलं असतं. पण राग गेल्यावरही मी टाकत राहिले. सवय झाली. दुधात साखर जास्त घालायची, चमच्यानं ढवळायची, पेला नेऊन तिच्या हातात द्यायची. एकदा म्हणाली, "बाई, आताशा औषध कडूच लागत नाई. काय टाकता वं?" मी म्हटलं, साखर. ती हसली. म्हणाली, "तुमच्या हाताले गुण आहे."

बाळंतपण आमच्या घरी झालं, दुसरं म्हणून. मुलगा झाला. आईनं तिला बाजेवर घातलं, खाली गोवऱ्यांची शेगडी, पोटाला पट्टा, पाय जमिनीला लावायचा नाही. चालवा म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. नामदेवनं आईला एकदा सांगून पाहिलं. आई म्हणाली, "बाळंतीण चालली तं वारं भरते. तुह्या डॉक्टरणीनं किती पोट्टे जनले?" तो माझ्याकडे पाहू लागला. मी मोठी, मी एक शब्द बोलले असते तर आई बधली असती. मी म्हटलं, "माय म्हणते तसं कर." इथं राग नव्हता, मत्सर नव्हता. नुसता कंटाळा होता, भांडण नको म्हणून. सांगा, कोणतं जास्त वाईट?

बारशाच्या सकाळी न्हाऊ घालायला तिला उठवलं. मोरीपर्यंत गेली आणि दाराची चौकट धरून थांबली. "बाई, दम लागून राहिला," एवढंच म्हणाली. ओठ निळे झाले. मी धरलं तिला. नामदेव टांगा आणायला धावला. टांगा आला तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तिला टांग्याची गरज उरली नव्हती. पाळण्याला बांधलेली फुलं तशीच होती.

रडायला जमलेल्या बायकांत आईला कुठूनसं पुड्यांचं कळलं. बहुतेक नामदेवच रडता रडता बोलला. झालं. "त्या डॉक्टरणीच्या गरम औषधानं नेली माही सून. रक्ताचं पानी करून टाकलं." सगळ्या बायका चुकचुकल्या. आणि मी — ज्या औषधाचा कण कित्येक दिवस तिच्या पोटात गेला नव्हता, त्याला शिव्या खाताना पाहत बसले. मला सुटल्यासारखं वाटलं. हो, वाटलं. गोळी पुन्हा दोषी झाली होती. माझं जुनं जग जागच्या जागी आलं होतं.

पुढं याहून वाईट आहे. नामदेव डोळ्यांत रक्त आणून अकोल्याला निघाला. त्याला एकटं सोडवेना म्हणून मीही गेले. दवाखान्यात बाकावर पोटुश्या बायका बसलेल्या. त्यांच्यादेखत तो त्या बाईंना नाही नाही ते बोलला. खुनी म्हणाला. त्या उभ्या राहून ऐकत होत्या. तो थांबल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "पुड्या रोज दिल्या होत्या? मधे खंड?"

ती माझी वेळ होती. दार सताड उघडं होतं. मी म्हटलं, "रोज. माझ्या हातानं."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. मला तर बोंबही मारावी लागली नाही. दोन शब्दांत काम झालं. डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या. चष्मा काढला. म्हणाल्या, "मग हे औषध मी पुन्हा कोणाला देणार नाही." कोणाशी बोलल्या कळलं नाही. बाकावरची एक बाई उठून निघून गेली, तिच्यामागून दुसरी. पुढं वर्षभरानं कळलं, दवाखाना बंद करून त्या नागपूरला परत गेल्या.

पुडीनं सिंधू वाचली असती का? मला माहीत नाही. त्यांनाही माहीत नव्हतं, त्यांनी तसं आधीच सांगितलं होतं. पण त्यांना आता कधीच कळणार नाही, कारण त्यांच्याशी मी खोटं बोलले. त्या बाकावरच्या बायकांचं काय झालं तेही मला माहीत नाही. एखादीचा पाय असाच पांढरा पडला असेल, आणि डॉक्टरीणबाईंनी औषधाकडे गेलेला हात मागं घेतला असेल. हे मी केलं. आईनं नाही, सासूनं नाही. आई आता नाही, तिच्यावर सगळं ढकलायला किती सोपं आहे. पण पेला माझ्या हातात होता.

बाळ अकोल्याला आजीनं नेलं. शकू माझ्याजवळ वाढली. मोठी होताना विचारायची, माही माय कशानं गेली? मी सांगायची, डॉक्टरच्या औषधानं. किती वेळा सांगितलं असेल. सांगताना तिचे केस विंचरत असायची.

गेल्या आठवड्यात तिला ताप चढला. अंगाची भट्टी. नामदेवनं डॉक्टरकडून गोळ्या आणल्या, पांढऱ्या, ताप उतरवायच्या. मी ओळखल्या. मी पाणी घेऊन गेले तर पोरीनं दात घट्ट मिटले. तापानं डोळे लाल, पण डोकं ताळ्यावर. "मले गोळी नाई पाहिजे. माही माय गोळीनंच मेली. तूच सांगतलं, आत्या."

तिथं सांगता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, की तुझ्या आईच्या पोटात शेवटी शेवटी गोळी गेलीच नव्हती. शब्द सगळे तयार होते. मी स्वयंपाकघरात गेले. गोळी वाटीत चमच्यानं चिरडली, दूध ओतलं, साखर घातली, ढवळलं. हाताला सगळं आठवत होतं. पेला नेऊन तिच्या ओठाला लावला.

एक घोट घेऊन ती थांबली. "आत्या, कडू लागते."

"तोंड कडू झालंय तुझं तापानं," मी म्हटलं. "साधं दूध आहे. पी."

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि सगळं पिऊन टाकलं. तिची आईही असंच माझ्याकडे पाहून प्यायची.