शुक्रवारचा शिकारी

मंदी आली आणि माझ्या लेकाची नोकरी गेली, तेव्हाची गोष्ट. आखातातल्या आमच्या अल कुसैसच्या घरात तो दिवसभर छताकडे बघत पडायचा, बोलायचा नाही. एका शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, मीच त्याला ओढून वाळवंटात नेलं. म्हटलं, चहाचा थर्मास भरलाय, चल, हवा तरी खाऊ.

तिथे एक म्हातारा अरब भेटला. अंगात पांढरा कंदोरा, तिथला पायघोळ झगा, चपला हातात. नाव विचारायचं राहिलंच बघा. तरुणपणी हरणांची शिकार करायचा. आता बंदी आली, तरी शुक्रवार काही चुकवायचा नाही. मूठभर वाळू सोडून त्याने वारा पाहिला आणि आम्हाला टेकाडाआड पालथं झोपवलं. मला, या वयात! हसता हसता माझ्या बांगड्या वाजल्या, तसा तो दचकला.

"अम्मा, चूड़ी!"

डोक्याचा रुमाल सोडून त्याने माझ्याकडे टाकला. मी तो बांगड्यांवर गुंडाळला आणि तोंड उघडणार, तोच म्हणाला, "बात भी खलास!"

तरी मी कुजबुजलेच, "बंदूक नहीं, तो आते कायको?"

"पहले हिरन दिखा, तो गोली मारी, घर गया. अब दिखता है, तो बैठता हूँ."

तेवढ्यात दोन-तीन हरणं आली. शेपट्या हलवत काटेरी झुडपं खात राहिली. आम्ही किती वेळ पडून होतो कोण जाणे. ती गेल्यावर मी उठायला लागले, तर लेकाने माझा पदर धरला.

"थांब ना आई," म्हणाला, "अजून एखादं येईल."