राक्षसाच्या मानेला लटकण्याचा नियम

आमच्या वहिनीच्या भावाएवढा नियमाचा पक्का माणूस अख्ख्या अंधेरीत दुसरा झाला नाही, आणि होऊही नये. ऐंशीच्या दशकात आम्हाला घरबसल्या कॅरम आणि पत्ते एवढंच ठाऊक होतं. तेव्हा ह्या पठ्ठ्याने बोटीवरच्या कुणा मित्राकडून एक विलायती खेळ मिळवला. आपण शूरवीर व्हायचं, काय करतो ते तोंडाने सांगायचं आणि जमलं की नाही ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. राक्षस, गुहा, दऱ्या, सगळं तो रंगवणार. रविवारी दुपारी त्याच्या खोलीत आम्ही दोघं भाऊ झक मारत जमायचो. एखाद्याचा वीर मेला, तर ती गोष्ट संपेपर्यंत त्याने नुसतं बघत बसायचं, आणि ह्याची एक गोष्ट संपायला अख्खा पावसाळा जायचा!

त्याचं घोडं एकाच ठिकाणी अडलं होतं. छोट्या माणसाने अवाढव्य प्राण्याला लटकायचं ठरवलं तर काय? खेळाच्या पुस्तकातला नियम त्याला पटेना. शेवटी मला बसमध्ये घालून तो आरे कॉलनीत गेला, तबेल्यातल्या भैयाची विनवणी केली आणि चक्क एका म्हशीच्या मानेला लटकला. "शिंग धरायचं नाही यार," तो तिथूनच मला समजावत होता, "मान धरली की ती गोंधळते!" म्हैस कसली गोंधळते? ती त्याला घेऊन शांतपणे चिखलात बसली. पण नियम तयार झाला. लटकणाऱ्याने तलवार चालवायची नाही, मोठा नेईल तिकडे जायचं, आणि मोठ्याने अंग झाडलं की फासा टाकायचा. दहाच्या खाली आला की पडला, म्हणजे मेलाच. सूट कुणालाही नाही. ह्याच नियमाने त्याने सख्ख्या मेहुण्याला, म्हणजे माझ्या भावाला, दरीत लोटलं. वहिनीने कित्येक दिवस त्याला चहासुद्धा विचारला नाही.

त्याची आई त्याच खोलीत खाटेवर असायची. मालवणकडची, बारीकशी म्हातारी. अर्धं अंग गेलेलं, उंबऱ्याबाहेर जाणं संपलेलं. पण खेळात तिची वीरांगना आमच्या पुढे डोंगर चढायची. आठवडाभर ती त्या चढण्यावरच जगत होती, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

एका रविवारी ती थेट राक्षसाच्या मानेवर चढली. राक्षसाने अंग झाडलं. तिने चालत्या हाताने फासा टाकला. चार.

तो फाशाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आई, चादरीत अडकला गं. परत टाक."

"कोणाक सूट दिलंस नाय, मगे माकाच कित्याक?" म्हातारी कडाडली. "पडलंय मी. आता माका मोरीत ने."

तो डोळे पुसत वाकला. तिने एक हात त्याच्या मानेभोवती टाकला, त्याने तिला उचललं.

"घट्ट धर हां," तो म्हणाला.

"तू हलू नको. नायतर परत फासो टाकूचो लागतलो."

मोरी चार पावलांवर होती, पण तो इतका जपून चालला की पोचायला त्याला किती तरी वेळ लागला.