दुसऱ्याच्या पेशी

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी रामदासपेठेतल्या एका इस्पितळामागे आमची छोटी प्रयोगशाळा होती. पाठीच्या शस्त्रक्रियेत मणक्यांमधल्या गादीचा जो तुकडा काढत, त्यातल्या पेशी मी बशीत वाढवायचो. कडक काचेवर त्या पसरून चपट्या होत, मऊ जेलवर गोल राहत. पण नुसत्या जेलला त्या चिकटत नसत. आधी त्यावर पेप्टाइडचा, म्हणजे प्रथिनाच्या बारीकशा तुकड्याचा, थर द्यावा लागे.

उमरेडच्या कोळसा खाणीतल्या एका कामगाराची गादी आली, तेव्हा मला मेहुण्याच्या लग्नाला निघायची घाई होती. थर न देताच मी पेशी टाकल्या. परतल्यावर बशीतलं पोषक पाणी बदललं, तर त्याच्याबरोबर सगळ्या वाहून गेल्या. वहीत मी लिहिलं, 'नमुना खराब.'

टाके काढायला तो एसटीने आला आणि विचारत विचारत माझ्या दारात उभा राहिला. आपला तुकडा इथे ठेवलाय, हे त्याला वॉर्डात कळलं होतं.

"साहेब, ते अजून जित्तं हाय काय?"

मी दुसऱ्याच एका पेशंटची बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. म्हणालो, "हे बघा, तुमच्याच." कमरेला पट्टा असल्याने त्याला वाकता येईना, म्हणून यंत्र दोन जाड पुस्तकांवर चढवलं. तो बराच वेळ बघत राहिला.

"चांगल्या वाढून राहिल्या," तो हळूच म्हणाला.

तीन महिन्यांत तो पुन्हा भरती झाला. विश्रांती अर्धवट टाकून कामावर गेला होता. त्याची बायको नर्सला सांगत होती की, गादी आतून भरून येतेय, साहेबांनी डोळ्यांनी दाखवलं, असं म्हणून तो कुणाचं ऐकेना.

त्या दुपारी त्याच्या खाटेजवळ बसून मी सगळं सांगितलं. तो छताकडे बघत होता.

"मंग काहून दाखवल्या?"

"माझी चूक सांगायची लाज वाटली."

त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर तो काठी घेऊन चालू लागला, पण खाणीत परत उतरला नाही. या वेळचा तुकडा प्रयोगशाळेला द्यायला त्याने नकार दिला. असा नकार आम्हाला पहिल्यांदाच मिळाला होता. वरिष्ठांनी मला कारण विचारलं.

माहीत नाही, असं मी म्हणालो.