धक्क्यावरच्या नोराबाई

बोट धक्क्याला लागायच्या आधीच नोराबाई उतारूंची वाटणी करून टाकत. "तो लाल जाकीटवाला सायकल घेणार. ती दोघं भांडलीयेत, वेगळ्या खोल्या मागतील. ते आजोबा आपले." किलरोनन ही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या त्या चिमुकल्या बेटाची राजधानी. एक धक्का, एक मोठं दुकान, दोन-चार पब आणि जकातनाक्यासारख्या नोराबाई!

गॉलवेला शिकत असताना एका उन्हाळ्यात मी त्यांच्या गेस्टहाउसवर कामाला होते. सत्तरीच्या बाईंना नुसतं नोरा म्हणायला माझी जीभ रेटेना, म्हणून नोराबाई. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "साखर प्रेसमध्ये आहे." मी इस्त्रीच्या टेबलाखाली शोधत बसले. इथे प्रेस म्हणजे कपाट, हे मला कोण सांगणार? बाई हसून हसून खुर्चीत कोसळल्या. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. "समोर जेवायला कुणी असलं की बटाटासुद्धा गोड लागतो," म्हणायच्या.

सप्टेंबरात निघाले. धक्क्यावर मिठी मारली आणि सवयीने म्हणाले, "येते हं." तेही इंग्रजीत! आपल्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, एवढंच त्यामागे. पण त्यांचा चेहरा असा काही उजळला! "कधी?" आता आली का पंचाईत? समजावायला वेळ नव्हता, बोट सुटत होती. मी म्हणाले, "नाताळात."

गेले नाही. डब्लिनला नोकरी लागली होती, मैत्रिणींनी पार्टी ठरवली, आणि खरं सांगायचं तर जिवावर आलं. कळवलंसुद्धा नाही. जानेवारीत फोन केला तो थाप मारायलाच. "वाऱ्यामुळे बोट बंद होती ना?"

त्या म्हणाल्या, "हो गं, बंदच होती. काय वारा सुटला होता! बरं झालं, निघाली नाहीस."

मला हायसं वाटलं. लाज नाही वाटली मेलीला, हायसं वाटलं!

मार्चमध्ये त्या गेल्या. तेव्हा मात्र मी पहिली बोट पकडली. मातीहून परतताना धक्क्यावर मार्टिन भेटला, बोटींचे दोर बांधणारा. मी नाव सांगितलं, नाताळात वाऱ्यामुळे येता आलं नाही म्हणाले, तसा माझ्याकडे बघतच राहिला.

"नाताळात कसला वारा? समुद्र परातीतल्या पाण्यासारखा होता. एक फेरी चुकली नाही, आणि नोरानेही एक चुकवली नाही. आठवडाभर इथेच उभी. शेवटच्या दिवशी मला म्हणाली, त्या पोरीने कधी विचारलंच, तर बोट बंद होती म्हणून सांग. उगाच तिच्या जिवाला लागायचं."