नाकाशी सूत

माझे सासरे रोज दुपारी जेवण झालं की थोडा थोडा वेळ मरत असत.

त्यांचं घर टाकव्याला. (मी लोणावळ्याला रेल्वेच्या सिग्नल खात्यात फिटर; म्हणजे सासरवाडीत शास्त्रज्ञच!) आषाढात भर दुपारी धुकं उंबऱ्याच्या आत यायचं, घरात कंदील लावावा लागायचा. आबा आडवे झाले की घोरणं सुरू, आणि मध्येच एकदम बंद. श्वासही बंद! अशी शांतता पसरायची की गोठ्यातली म्हैससुद्धा रवंथ थांबवून ऐकायची. सासूबाई आबांच्या नाकाशी सूत धरून बसायच्या. सूत हलायचं नाही. मग एक मोठा हिसका, आणि आबा परत! रात्रीही तेच. बाई वर्षभर धड झोपल्या नव्हत्या.

"माजा डोळा लागला आन् ह्ये माघारी आलंच न्हाईत तर?" त्या मला म्हणाल्या.

मी यंत्र केलं. आबांच्या पोटाला दोरा बांधला, आढ्यावरून नेला आणि टोकाला शेळीच्या गळ्यातलं घुंगरू लटकवलं. पोट हललं की घुंगरू आपोआप वाजणार. वाजेनासं झालं की श्वास थांबला. वहीत दोन रकाने पाडले. दहा आकड्यांच्या आतलं थांबणं 'लहान', त्यापुढचं 'मोठं'. सासूबाईंना म्हटलं, आता सुताची गरज नाही, खुशाल झोपा.

दुपारी जेवून आबा आडवे झाले. वर आढ्याच्या अंधारात, कुणाचा हात नसताना, घुंगरू वाजत होतं. छुन्... छुन्... मग काहीच नाही. एक, दोन, तीन... नऊ... छुन्! लहान. पुन्हा शांतता. सतरापर्यंत मोजल्याचं आठवतं. पुढचं आठवत नाही.

मग कुठूनतरी खोलातून सासूबाईंचा आवाज आला. "सूत हालतंय का गं?"

"न्हाई, आई." ही माझी बायको, रडत.

गेले आबा! आणि माझ्या यंत्रावर विसंबून सासूबाई झोपल्या होत्या. मला ओरडायचं होतं, पण छातीवर कुणीतरी बसलेलं, घशातून आवाज निघेना. कसाबसा हिसका देऊन डोळे उघडले.

सूत माझ्याच नाकाशी होतं! भोवती आळीतल्या चार बायका तोंडाला पदर लावून उभ्या. आबा पोटाचा दोरा सोडून, मांडी घालून, माझी वही घेऊन बसलेले. मी बसल्या जागी झोपलो, घोरलो आणि थांबलो, तेव्हापासून ते मोजत होते. माझं थांबणं 'मोठं'मध्येही बसेना, म्हणून त्यांनी तिसरा रकाना पाडून वर 'जावई' लिहिलं होतं.

"आमचं बरं म्हणायचं की मग," सासूबाई म्हणाल्या. "ह्ये लवकर माघारी येत्यात."

त्या रात्री सासूबाई वर्षभरात पहिल्यांदा गाढ झोपल्या. तेव्हापासून माझी बायको जागी आहे.