पीठ चालू, मिरची बंद

लॉकडाऊन लागला तेव्हा आमच्या गावातल्या बायकांनी वर्षाच्या मिरच्या घेऊन ठेवल्या होत्या. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या मिरच्यांवरून झालं. हिंगोली जिल्ह्यात होळी उलटली की तिखट करायचे दिवस येतात. घरांच्या धाब्यावर मिरच्या वाळतात, देठं खुडली जातात, येसराचा मसाला भाजला जातो आणि मग डब्यांची रांग माझ्या गिरणीपुढे लागते. गिरणी म्हणजे पत्र्याची एक खोली. एका अंगाला पिठाची चक्की, दुसऱ्या अंगाला मिरची-मसाला कुटायचं कांडप. नवरा गेल्यापासून मीच ती चालवते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्या दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि कोणाचा डबा आधी आला ते ठरवतात.

सुरुवातीला सगळंच बंद होतं. मग एके सकाळी गावातल्या सरकारी कार्यालयाची गाडी भोंगा वाजवत आली आणि पिठाच्या गिरण्यांना परवानगी मिळाल्याचं सांगून गेली. मी चक्की सुरू केली. बायका दळणाबरोबर मिरच्याही घेऊन आल्या, तशी मी कांडपही सुरू केलं. थोड्याच वेळात कार्यालयातला कारकून दारात हजर.

"ताई, ते कांडप बंद करा."

"काहून?"

"आदेशात पिठाची गिरणी हाय. मिरचीची न्हाई."

आत्याबाईंनी त्याला खालून वर पाहिलं. "एकाच खोलीत हायेत ना रे दोन्ही? रोग काय पिठाला भिऊन राहिला अन् मिरचीत घुसून राहिला?"

गरीब माणूस होता तो, सांगितलेलं पोचवायला आला होता. साहेबांना भेटा म्हणाला.

साहेब म्हणजे आमच्या गावाचा कारभार ज्यांच्या हातात होता ते अधिकारी. त्यांनी तेव्हा 'व्यावसायिक मार्गदर्शन कक्ष' उघडला होता. एका खोलीवर नवी पाटी ठोकली की झाला कक्ष. आत टेबल, पंखा आणि कोणी पळवू नये म्हणून सुतळीनं बांधलेली सॅनिटायझरची बाटली. साहेबांचा मास्क हनुवटीला होता. आम्ही तोंड बांधून वऱ्हांड्यात चुन्याच्या गोलात उभे होतो.

माझ्या पुढे बांगड्यांच्या दुकानाची बाई होती. लग्नसराई बुडाली, काही मदत मिळते का विचारायला आली होती. साहेब तिला म्हणाले, "बांगड्यांचे फोटो काढा, ऑनलाइन टाका. संकटात संधी शोधायची असते." तिनं पिशवीतून बटणांचा मोबाइल काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी त्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुढचे या." त्या बाईनं ते दुकान परत उघडलंच नाही. हल्ली ती दुसऱ्यांच्या रानात हळद काढायला जाते. तिला मिळालेलं सरकारी मार्गदर्शन एवढंच.

मी आत गेले. म्हटलं, "साहेब, लोकांच्या मिरच्या घरात पडून आहेत. आभाळ येऊन राहिलं. ओल लागली तर बुरशी धरते."

"मिरची अत्यावश्यक नाही, बाई."

"मग भाकरी कशासोबत खायची?"

"दुधासोबत खावी. उन्हाळ्यात तिखट तसंही वाईटच." मग जरा पुढे वाकून त्यांनी विचारलं, "हळद दळता का?"

"दळतो की."

"हळद चालेल. प्रतिकारशक्ती वाढते."

"पण साहेब, हळद आणि मिरची एकाच कांडपात होते."

"मग त्या यंत्रात हळद करा, मिरची करू नका." हे सांगताना त्यांच्या आवाजात जराही गडबड नव्हती. "मिरचीनं ठसका लागतो. ठसका म्हणजे खोकला. खोकल्यातून काय पसरतं ते मी सांगायला पाहिजे का?"

आपण फार मोठं काही बोललो असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी बाजूच्या कारकुनाकडे पाहिलं आणि कारकुनानं मान हलवली. मला वाटलं होतं, राग येईल. पण राग यायला समोर कोणी तोलाचं लागतं. मला नुसती शिसारी आली. शिकलेला माणूस, सरकारची गाडी, सरकारची खुर्ची, आणि डोक्यात हे.

घरी येऊन आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याच्या घरी वरणाला फोडणी देत न्हाईत का? तवा न्हाई का ठसका लागत?"

काही दिवस मी कांडप बंद ठेवलं. मग पावसाचे दोन शिंतोडे पडले आणि एक म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन आली. तिच्या मिरच्या ओलसर लागत होत्या. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून धणे, खोबरं जमवून ठेवलेलं. म्हणाली, "पोरी, तुला जमत नसंल तर उकिरड्यावर टाकते." मी मिरच्या पत्र्यावर कडक वाळवल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दार ओढून कांडप सुरू केलं.

कांडपाचा आवाज काही दारानं अडत नाही. म्हातारीचं तिखट कांडून घमेल्यात काढलं, तेवढ्यात पथक आलं. कारकून, दोन शिपाई आणि खुद्द साहेब, मोबाइलवर फोटो काढत. यंत्र उचलायला गेले, ते जमिनीत बोल्टनं घट्ट बसवलेलं. मग साहेबांची नजर घमेल्यावर गेली.

"हे जप्त करा."

मी म्हटलं, "साहेब, ताजं तिखट आहे, उडतं. वर फडकं बांधून देते."

"पुराव्याला हात लावू नका."

मी हात मागे घेतला. दुसऱ्यांदा सांगायची मला गरज वाटली नाही. ते उघडं घमेलं शिपायानं तोंड फिरवून, हात लांब धरून नेलं. मला पंचनाम्यासाठी मागून यायला सांगितलं.

कार्यालयात वीज गेलेली होती. घमेलं मार्गदर्शन कक्षातल्या टेबलावर ठेवलं. साहेब त्याच्यामागे बसून मजकूर सांगत होते, कारकून लिहीत होता. मी वऱ्हांड्यात उभी होते. बाहेर पाससाठी आलेली माणसं आपापल्या गोलात होती. आणि वीज आली. पंख्याचं बटण चालूच राहिलेलं. पंखा एकदम जोरात सुटला.

आधी कारकून बाहेर आला, डोळे मिटलेला. मागून शिपाई. मग साहेब, चौकटीला धरून, वाकून खोकत, डोळ्यांतून, नाकातून पाणी. त्या दिवसांत भर कार्यालयात असं खोकणं म्हणजे काय, ते आठवून पाहा. गोलातली माणसं क्षणभर पाहत राहिली आणि एकदम पळत सुटली. कोणी तरी दवाखान्यात फोन केला. पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. साहेब "मिरची... मिर..." म्हणत होते आणि ती माणसं सांगत होती, "बोलू नका, बोलू नका, लांब व्हा." मी सांगायला पुढे झाले, तर मलाही हातानं मागे सारलं. मग मी लांबूनच पाहत राहिले.

कक्षात होते त्या सगळ्यांना तपासणीला नेलं. कार्यालयात फवारणी करून कुलूप लावलं. साहेबांचा अहवाल येईपर्यंत त्यांना एका शाळेच्या वर्गात ठेवलं. त्या दिवसांत मार्गदर्शन द्यायला कोणी नव्हतं आणि आमच्या गावाचं तिखट होऊन गेलं. कळमनुरीच्या रस्त्यावरच्या वाड्या-वस्त्यांवरूनसुद्धा बायका डबे घेऊन येत होत्या. आत्याबाई त्यांना लांब-लांब उभं करत, तोंडाला पदर बांधायला लावत. त्यांच्या धाकात रांग जशी नीट राहिली तशी कार्यालयाच्या चुन्याच्या गोलांनी कधी राहिली नव्हती.

अहवाल चांगले आले. साहेब परतले तशी कारकुनाच्या हाती माझं घमेलं परत आलं, तीन पिशव्यांत गुंडाळलेलं. वर फवारणीचं पाणी पडून तिखटाचा चिखल झालेला. म्हातारीला मी आमच्या घरातलं तिखट दिलं. तिनं वास घेऊन पाहिला आणि "येसर हाय ना ह्यात?" एवढंच विचारलं.

कारकून अजून दारातच होता. "साहेब म्हणले, चालू ठेवा कांडप. फक्त जरा दार लावून."

"लेखी आणा."

"लेखी न्हाई देत म्हणले, ताई."

"मग त्यांना सांगा, दार उघडंच राहील."

तो हसला आणि गेला. दार उघडंच राहिलं. कोणी आलं नाही.

पुढे साहेबांची बदली झाली. निरोपाचा कार्यक्रम ठेवला, शाल-नारळ झाला. 'संकटात छोट्या व्यावसायिकांच्या पाठीशी उभे राहिलेले अधिकारी' असं कोणी तरी भाषणात म्हणालं म्हणे. मलाही बोलावणं होतं, लाभार्थी म्हणून दोन शब्द बोला असा निरोप घेऊन तोच कारकून आला होता. मी चक्कीत ज्वारी ओतत होते. त्याला म्हटलं, "भाऊ, मी दोन शब्द बोलले तर त्यांना ते ऐकवणार नाहीत. तुम्ही चहा घ्या आणि जा." त्यानं चहा घेतला. उशीर झाला म्हणून उठला, पण दाराशी जाऊन परत वळला आणि विचारू लागला, त्याच्या बायकोचं दळण आज संध्याकाळी मिळेल का.

आत्याबाई म्हणाल्या, "रांगेत हाय."