मारोतरावांचा दोन पेडी दोर

ढाणकीच्या बाजारात नायलॉनचा दोर किलोवर मिळतो, लाल, निळा, पोपटी. तरी पोळा जवळ आला की चार-दोन जुने शेतकरी मारोतरावांच्या दारात येतातच. "भाऊ, माया बैलाले तुयाच हातचा कासरा पाह्यजे. त्या प्लास्टिकनं मान सोलते." मग मारोतराव अंबाडीच्या तंतूंचा वाख काढतात, अंगठ्याला थुंकी लावतात आणि वळायला बसतात.

दोर एकट्यानं वळता येत नाही. एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं पेड ताणून धरत मागं मागं सरकायचं. चाकावर वीस वर्षं त्यांची बायको बेबीताई होती. ती गेली तेव्हा लेक समीक्षा नववीत होती. दुसऱ्याच आठवड्यात पोरगी कुणी न सांगता चाकापाशी येऊन बसली; मांडीवर पुस्तक, हात चाकावर. अशीच ती एम.एस्सी. झाली.

उमरखेडच्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या जागेसाठी उद्या तिचा नमुना पाठ होता. तिसरा. आधीच्या दोन्ही कॉलेजांत मारोतराव सोबत गेले, व्हरांड्यात बसले, आणि दोन्हीकडं तिचा आवाज घोकल्यासारखा भराभर येऊन मधेच विझलेला त्यांनी ऐकला. दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी विचारलं, "वडील काय करतात?"

"शेती," ती म्हणाली.

मारोतरावांपाशी बोटभर शेत नव्हतं. परतताना एसटीत त्यांनी तिला शेंगा घेऊन दिल्या.

आज ती अंगणात त्यांचाच दोन पेडी दोर घेऊन बसली होती. पेडांवर स्केचपेनानं चार रंगांचे ठिपके दिलेले.

"हे काय वं मांडलं?"

"डीएनए, बाबा. एका पेशीच्या दोन व्हाच्या आंधी पेशी याची नक्कल काढते. लालासमोर पिवळाच येते, निळ्यासमोर हिरवाच. पेड सुटे केले का जुना पाहून नवा बनवता येते. लाल दिसला, पिवळा लाव."

"मंग दोराचे दोन दोर झाले. त्यातला जुना कोणता?"

"कोणताच नाही. दोनीबी अर्धे जुने, अर्धे नवे."

मारोतरावांनी चाकाकडं पाहिलं. "असं," म्हणाले.

तिनं दोराचं एक टोक खांबाला बांधलं आणि दुसरीकडून पेड फाकवायला घेतले. हातभर सुटले असतील, तोच पुढचा दोर आवळत गेला, वेटोळे घेऊन त्याचं गाठोडं झालं. तिनं दोर आदळला.

"हेच होते दरवेळी! पोरं हासतीन. मी हा भाग सोडूनच देतो."

"खांबाचं टोक सोड ना. पीळ निंघून जाईन."

"पेशीत टोक मोकळं नाही भेटत, बाबा. दोर लंबा, जागा इतकुशी."

"मंग एक पेड तोड."

"काय?"

मारोतरावांनी गाठोड्यापाशी एका पेडाचे तंतू नखानं उसवून तोडले. दोर उरलेल्या पेडाभोवती गर्रकन फिरला आणि साचलेला पीळ टाकून सरळ झाला. मग त्यांनी तुटकी टोकं पिंजली, एकात एक घातली, थुंकी लावून वळली. "घे. ताण."

सांधा हलला नाही. समीक्षानं तो पुन्हा ताणून पाहिला. "पेशीतबी हेच होते, बाबा. एक एन्झाइम हाये, ते एक पेड कापते, फिरू देते, परत जोडते. कितीक खेपा वाचलं मी हे. तुमाले कोणं सांगतलं?"

"कोण सांगन? तुयी माय चाक जास्त फिरवे, तवा रोजचंच होतं हे."

संध्याकाळपर्यंत तिनं सात वेळा सांधा घातला. सातही सुटले.

"अंगठा कोरडा हाये तुया," मारोतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते वर्गाच्या खिडकीखाली बसले. आतून तिचा आवाज आला, सावकाश. मग एकदम पोरं हसली. दोर गुंतला, त्यांनी ओळखलं.

"हासा," समीक्षा म्हणाली. "आता काय करू ते सांगा."

"टोक सोडा, मॅडम!"

"टोक सुटत नाही."

गलका झाला. मागून एक मुलगी म्हणाली, "एक तोडून पाहा ना."

आत तटकन पेड तुटल्याचा आवाज आला. मारोतरावांचा अंगठा आपोआप जिभेला लागला, बोटं धोतराच्या काठावर वळायला लागली.

"ताणा," समीक्षाचा आवाज. बाक करकरला. "नाही तुटला!" एक पोरगा ओरडला.

"हे जोडणं कुठं शिकलात?" परीक्षकाचा जाड आवाज.

"वडिलांकडून. दोर वळतात ते. बाहेर बसलेत."

खिडकीत आधी चार डोकी आली, मग दहा. मारोतरावांनी अंगठा घाईघाईनं सदऱ्याला पुसला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. जागा समीक्षाला मिळाली. पोळ्याच्या तोंडावर वाख कमी पडला, तेव्हा मारोतरावांनी तिच्याकडं तो ठिपक्यांचा दोर मागितला.

"तो कॉलेजातच हाये, बाबा. पोरं रोज तोडतेत न् रोज जोडतेत."

"थुंकी लावतेत का पण?" मारोतरावांनी विचारलं, आणि ती चाकावर बसायची वाट पाहत पेड ताणून उभे राहिले.